ब्रिस्टलची रात्र आणि टायर

काही जण म्हणतात की मोटार शर्यतीत अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर तयारी ती काय, इंजिनात दम असला की झालं. अमेरिकेत टेनेसीतल्या ब्रिस्टलला, नॅस्कार या मोटार शर्यत मालिकेच्या ट्रॅकवर, हे चालत नाही. काँक्रीटचा ट्रॅक, जेमतेम ०.५३३ मैल, पण फेऱ्या ५००! उन्हात सेटिंग केलेली गाडी रात्री काँक्रीट थंडावलं की वेगळीच वागते. म्हणून टीम अंदाजाने सेटिंग ठेवते, मग पिट स्टॉपला (शर्यतीत मध्येच टायर-इंधनासाठी थांबतात तेव्हा) टायरमधली हवा कमी-जास्त करत बसते. तरी टायर कुणाचं ऐकतो? २०२४ च्या मार्चमध्ये तिथे टायर इतके झिजले की आघाडी ५४ वेळा बदलली. सप्टेंबरच्या रात्री तेच टायर, पण झीज फारशी नाहीच, आणि ड्रायव्हर काइल लार्सन ५०० पैकी ४६२ फेऱ्यांत आघाडीवर. बघायला मात्र मार्चचीच शर्यत भारी होती.