प्रतिसाद: मिआटाची तिसरी पिढी
वर कुणीतरी म्हटलंय की मिआटा, म्हणजे माझदाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, पिढीगणिक जाडच होत गेली. तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे २००५ पर्यंत, हे पटतं. पण त्या गाडीवरही अन्याय नको. माझदाच्या अभियंत्यांनी ग्रॅम-ग्रॅमचा हिशोब मांडून आतला आरसासुद्धा हलका केला होता. २०१५ ची चौथी पिढी तर १९८९ च्या पहिलीपेक्षा लांबीला कमी आहे! बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे फेंडर सगळं ॲल्युमिनियमचं, आणि जपानमधलं १.५ लिटरचं साधं मॉडेल २०१५ मध्ये हजार किलोच्या आत होतं. उघडमीट करणारे हेडलाइट १९९८ लाच गेले, त्याची हळहळ मलाही आहे. पण पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, दोनच सीट, हा गाभा चारही पिढ्यांत तसाच राहिला.