कागद वाचायला काय लागतं?

दहीपूलकर:
वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांच्याबद्दल काल कुणीतरी लिहिलं, "दूरदर्शनवर हातात आलेला कागद वाचायचे. आवाज चांगला होता एवढंच. पत्रकारितेत त्यांचं नाव घेऊ नका." दुर्लक्ष करणार होतो, राहवलं नाही.

मी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक होतो. बातमीपत्र चालू असताना दार हळूच उघडतं आणि कुणीतरी घाईत खरडलेला कागद पुढे सरकवतं. अक्षर लागत नाही, गावाचं नाव कधी ऐकलेलं नाही, मृतांचा आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला. तोंडात आधीचं वाक्य, डोळे या कागदावर. तिथे आकडा चुकला तर कुणाच्या तरी घरी रडारड सुरू होते. भिड्यांनी हे वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर केलं. मान कागदाकडे जायची, पण वाक्य संपताना नजर आपल्यावर असायची. ७ जून २०२२ ला ते गेले, तेव्हा आमच्या पिढीला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. "एवढंच" म्हणणाऱ्याने एकदा त्या खुर्चीत बसून दाखवावं.

नाशिकरोड:
आवाजाबद्दल वादच नाही. पण विश्वास निवेदकावर होता हे पटत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर खासगी वाहिन्या येईपर्यंत दुसरं होतं काय? आणीबाणीत त्याच पडद्यावरून काय वाचलं गेलं, ते आठवा. प्रसार भारती ही स्वायत्त संस्था आली १९९७ ला, तोवर तर सरळ सरकारी खातंच होतं. माझ्या वडिलांच्या कारखान्यात संप झाला. रोज संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसायचे, आज तरी आपलं काही सांगतील म्हणून. एक ओळ आली नाही. गोड आवाजात न सांगितलेल्या बातम्यांचा हिशोब कोण देणार?

पंचवटीकर:
अहो, न आलेल्या ओळीचा दोष वाचणाऱ्याला कसा? भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनीही बातम्या वाचल्या. त्यांनी संपादकाशी भांडायचं होतं का?

आणि आजचे बघा. पाऊस लागला की मुंबईत बसलेला अँकर किंचाळतो, "नाशिक पाण्याखाली!" मागे रामकुंडाचं चित्र. माझ्या बहिणीचा पुण्याहून रडत फोन. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणजे शहर बुडालं नाही, हे नाशिकच्या पोराला कळतं. आपल्या नाशिकच्या केबलवरचे जुने निवेदक निदान पाणी छातीला की गळ्याला, हे शांतपणे सांगायचे.

भांडीबाजार:
त्या शांतपणाने आमचा माल बुडवलाय. सप्टेंबर २००८ चा पूर. केबलवरचे तेच ज्येष्ठ निवेदक (नाव नको) सांगत होते, धरणातून सोडलेलं पाणी टप्प्याटप्प्याने वाढतंय, घाबरू नका. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, आम्ही निवांत. सरस्वती नाल्यातून पाणी उलटं फिरलं आणि बघता बघता तळघर भरलं. पितळी हंडे, पातेली, सगळं गाळात. कळश्या पार दुसऱ्याच्या ओट्याला जाऊन लागल्या. किंचाळला असता तर माल वर नेला असता.

पंचवटीकर:
माल कधी हलवायचा हे निवेदकाने सांगायचं? पुरात कुणाच्या पिढ्या गेल्या, तुमच्या की त्यांच्या? पूर किती चढला हे जिच्यावरून कळतं, त्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे बघायला पाय नव्हते का?

भांडीबाजार:
तोंड सांभाळा. तुमच्या घरात गाळ शिरला नाही म्हणून सुचतंय. धरणातून किती सोडलं आणि गोदावरीवरच्या होळकर पुलाखालून किती जातंय, हे दोन वेगळे आकडे असतात. मधल्या नाल्यांचं, शहरात पडलेल्या पावसाचं पाणी धरणाच्या आकड्यात येतच नाही. त्यांनी फक्त गंगापूर धरणाचा आकडा वाचला. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात मी टीव्ही लावलाच नाही. पुलावर जाऊन पाणी बघितलं, पोरांना हाका मारल्या, माल माळ्यावर.

नाशिकरोड:
मी पहिल्यापासून हेच सांगतोय! कागदावर धरणाचा आकडा होता, त्यांनी वाचला. पुलाखाली किती, हे विचारलं नाही. पत्रकाराने विचारलं असतं.

दहीपूलकर:
विचारायला हवं होतं, एवढं मान्य. पण त्या केबलवर बातमी आणणारा, लिहिणारा आणि वाचणारा एकच माणूस असायचा, ते कुणी बोलत नाही. २०१३ ला नाशिकमध्ये सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि छोट्या केबलवाल्यांचं कंबरडं मोडलं. आता पूर आला की व्हॉट्सअॅपवर जुन्याच पुराचे व्हिडिओ फिरतात आणि लोक तेच आजचे समजून पळतात. चुकीचा आकडा दिला तर दुसऱ्या दिवशी मेनरोडवर अडवून जाब विचारता येईल, असा माणूस उरलाय का? भांडीबाजारवाले, तुम्ही विचारला होतात ना?

भांडीबाजार:
विचारला. दुकानासमोर उभे राहून गाळ बघितला. पुढच्या पावसाळ्यापासून पुलाखालचा आकडा वेगळा सांगायला लागले, हे नाकारणार नाही. माल मात्र माझाच गेला.

पंचवटीकर:
मग मुंबईच्या त्या किंचाळणाऱ्याला कुठे गाठायचं, तेही सांगा.

नाशिकरोड:
त्याची बाजू मी घेतलेलीच नाही. भिड्यांचा आवाज माझ्याही कानात आहे, त्यांना उत्तम वृत्तनिवेदक म्हणा, मीही म्हणतो. पत्रकार मात्र म्हणणार नाही.

दहीपूलकर:
"एवढंच" हा शब्द मागे घेतला गेला तर माझं भांडण मिटलं.