ध्वनिमुद्रित जाहिरातींचे फोन पूर्वसंमतीशिवाय करू द्यावेत का?

धागाकर्ता (डिचोली):
घरातले माणूस इस्पितळात असले की अनोळखी नंबरही उचलावाच लागतो. उचलावा तर मोपा विमानतळाजवळच्या भूखंडांची ध्वनिमुद्रित जाहिरात सुरू झालेली असते, आणि आपले ‘नको’ ऐकायला पलीकडे कोणीच नसते. म्हणून असा फोन करण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घेणे सक्तीचे असावे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यानुसार बेकायदा फोनमागे ५०० डॉलर भरपाई मागता येते, आणि २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला आवाजही त्याच कायद्याखाली धरला जातो.

प्रतिसाद (फोंडा, फर्निचरचे दुकान):
मी सहमत नाही. चवथीपूर्वीची सवलत मी नोंदणीकृत टेलिमार्केटरमार्फत, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच कळवतो. ज्यांना हे फोन नकोत त्यांच्यासाठी १९०९ या क्रमांकावर तशी नोंदणी करण्याची सोय आहे. खरा उपद्रव साध्या दहा अंकी नंबरवरून जाहिरात करणाऱ्यांचा आहे आणि ते दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार आजही नियमबाह्यच ठरतात. निर्बंध वाढवले तर भुर्दंड आमच्यासारख्यांनाच पडेल.

धागाकर्ता:
आपली अडचण मी समजू शकतो; पण १९०९ ची सोय म्हणजे ज्याला फोन नको त्यानेच खटपट करायची. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम २८ ने पूर्वसंमतीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे, तो वापरायला हवा.

प्रतिसाद (पेडणे):
बँकांचे १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येणारे सेवाविषयक फोन यात ओढू नयेत. ते जाहिरातीचे नव्हेत. बाकी मला फोंड्याचे म्हणणे पटते. ट्रायच्या नियमावलीतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी नोंदणी नसलेल्या जाहिरातदारावर कारवाई करता येईल, असे ठरवले. मात्र पाच जणांनी तक्रार केली तरच हे घडणार, आणि आपण बहुतेक जण नंबर ब्लॉक करून मोकळे होतो.

प्रतिसाद (फोंडा):
नव्या गिऱ्हाइकाची संमती बिलावरच घ्यायला माझी हरकत नाही. पण जुन्यांना विचारण्यासाठीही फोनच करावा लागेल, त्याचे काय?

धागाकर्ता:
तेवढी एकदाची मुभा कायद्याने जरूर द्यावी. अट एकच, तो फोन दुकानातल्या माणसाने करावा, म्हणजे मिळालेला नकार तिथल्या तिथे नोंदवला जाईल.