मदत हवी आहे : आप्पांच्या मानेच्या रक्तवाहिनीत डॉपलरमध्ये ७० टक्क्यांवर ब्लॉकेज

मंडळी, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आप्पा ६८ वर्षांचे, उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात गेला. बीपी आहे, बिडी आत्ता कुठे सुटलीय. गेल्या मंगळवारी जेवताना शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा उजव्या हातातून गळून पडला, जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत! घरच्यांना वाटलं ऊन लागलं. मी ऐकलं नाही, दवाखान्यात नेलं.

सीटी स्कॅन नॉर्मल. मग मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांची डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी) सोनोग्राफी केली. मशीनमधून रक्ताचा फुसफुस आवाज येत होता, डाव्या बाजूला तो एकदम चिरका झाला. वाहिनी अरुंद झाली की रक्त तिथून जोरात जातं, त्या वेगावरूनच अडथळा किती टक्के ते ठरवतात. आप्पांचा वेग सेकंदाला २६० सेंटिमीटर, म्हणजे ७० टक्क्यांवर. डावी वाहिनी मेंदूच्या डाव्या भागाला रक्त नेते आणि तो भाग उजवं अंग चालवतो, म्हणून उजवा हात तेवढ्यापुरता गेला.

अ‍ॅस्पिरिन (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सुरू आहे. एक डॉक्टर म्हणतात गोळ्यांवर बघू. दुसरे म्हणतात, लक्षणं दिसली आहेत, दोन आठवड्यांच्या आत वाहिनीतला अडथळा काढायच्या ऑपरेशनचा फायदा सर्वात जास्त, थांबू नका. मला दुसऱ्यांचं पटतंय. आज सहावा दिवस आहे.

कुणाच्या घरी हे ऑपरेशन किंवा स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) झालंय का? आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) केलीत का? सोलापुरातच व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठावा की थेट पुणं? खर्चाचंही सांगा. रात्री कितीही वाजता मेसेज करा, मी जागाच आहे.