हॉट रोल्ड एसएस (स्टेनलेस स्टील) कॉइल घेताना काय तपासावं?

प्रश्न: टाक्यांसाठी 5 मिमी जाडीची, 1250 मिमी रुंद 304एल (कमी कार्बनचं स्टेनलेस) कॉइल घ्यायची आहे. कळंबोलीत एक कोटेशन बरंच स्वस्त आलंय, त्यात फक्त 'एचआर' (हॉट रोल्ड) लिहिलंय. ऑर्डर देऊ का?

उत्तर 1: आधी फिनिश विचारा. नुसतं 'एचआर' म्हणजे काळी कॉइलही असू शकते, वर भट्टीची खपली तशीच. टाकीला 'नंबर 1', म्हणजे अॅनील (तापवून मऊ) करून अॅसिडने पिकल केलेलीच (खपली काढलेलीच) हवी. काळी घेऊन पिकलिंग बाहेर करायचं तर तो खर्च धरूनच तुलना करा.

उत्तर 2: 3.1 टेस्ट सर्टिफिकेट (मिलचा तपासणी दाखला) मागा आणि त्यातला हीट नंबर (वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) कॉइलच्या टॅगशी स्वतः जुळवा. 304एलमध्ये कार्बन कमाल 0.03 टक्के. चुंबकावर अजिबात विसंबू नका, 200 सीरिजलाही (जास्त मँगनीजचं स्वस्त स्टेनलेस) तो चिकटत नाही! पीएमआय गनने (धातूतले घटक जागेवर मोजणारं एक्स-रे यंत्र) मँगनीज बघा. 2 टक्क्यांच्या वर गेलं तर माल परत. पण ही गन कार्बन मोजत नाही, त्यासाठी तुकडा लॅबमध्ये स्पेक्ट्रो चाचणीला द्या.

उत्तर 3: कटिंगवाल्याचा डिकॉइलर (कॉइल उलगडणारं यंत्र) 508 मिमी आयडीचा (कॉइलचा आतला व्यास) की 610चा, हे आधी विचारा. लेव्हलर (शीट सपाट करणारे रोल) 5 मिमी स्टेनलेस झेपणारा हवा, नाहीतर शीटमध्ये बाक राहतो. त्याच रोलवर एमएस (साधं लोखंडी स्टील) चालत असेल तर रोल पुसून घ्यायला लावा. लोखंडाचे कण रुतले की पाणी लागताच गंजाचे ठिपके उमटतात. वजनाचा हिशेब: मीटरला साधारण 49.6 किलो.