शिक्षणसेवक ते कायम शिक्षक: कामाच्या मानाने पगार रास्त आहे का?

भरतीइच्छुक:
सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या शाळेवर नेमणूक झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन १६,००० रुपये, मग वेतनश्रेणी. गावात ऐकू येतं, "मास्तरांना बक्कळ पगार." शिक्षक म्हणतात, भागत नाही. दोन्ही खरं कसं? हातात किती पडतात आणि काम किती, हे जाणकारांनी आकड्यांत सांगावं.

वेतनदेयक:
दोन्ही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या शिक्षकांबद्दल बोलतायत.

शिक्षणसेवक योजना २००० सालची. प्राथमिकचं मानधन सुरुवातीला ३,००० होतं, पुढे ६,००० झालं आणि तिथेच वर्षानुवर्षं अडकलं. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, वेतनवाढ नाही. पुरुषाचा व्यवसाय कर महिन्याला २०० कापला जातो. बाईंना २५,००० पर्यंत माफ.

आता कायम शिक्षक. सातव्या वेतन आयोगात एस-१० ही वेतनश्रेणी, सुरुवातीचं मूळ वेतन २९,२००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १६,०६०. खेड्यात घरभाडं १० टक्के, म्हणजे २,९२०. बेरीज ४८,१८०. मूळ अधिक महागाईवर १० टक्के निवृत्तीवेतन योजनेची (एनपीएस) कपात ४,५२६ आणि व्यवसाय कर २०० वजा केले की हातात साधारण ४३ हजार. (वाहतूक भत्ता आणि गटविमा धरलेला नाही.)

दोघांतला फरक महिन्याला ३२,१८०. तीन वर्षांत ११,५८,४८०. वर्ग तोच, मुलं तीच, पुस्तकं तीच. कायम शिक्षकाचा पगार ग्रामीण भागाच्या मानाने चांगला आहे, हे मान्य करायला हवं. पण शिक्षणसेवकाचं मानधन रास्त आहे असं मी कधीच म्हणणार नाही. नेमणुकीआधी डीएड झालंय, शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) झालीय, अभियोग्यता चाचणीही झालीय. मग आणखी तीन वर्षं कसली उमेदवारी?

खडूफळा:
कामाचं सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस, ८०० तास अध्यापन. लोकांना तेवढंच दिसतं. त्याच कायद्यात तयारीसह आठवड्याला किमान ४५ तास लिहिलेत, ते कुणी वाचत नाही.

पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक. म्हणजे प्रत्येकाकडे दोन इयत्ता, एका खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, तोवर दुसरीची वजाबाकी घ्यायची. त्यात पोषण आहार: पाचवीपर्यंत दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ. २३ मुलं हजर तर २ किलो ३०० ग्रॅम मोजून द्यायचा, शिजल्यावर आधी स्वतः चव घेऊन नोंदवहीत लिहायचं, मग वाढप, मग ॲपवर उपस्थिती. रेंज नसेल तर ती नोंद घरी गेल्यावर.

त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणुकीच्या दारातून बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळायचं, काम येतं आणि ते वर्षभर पुरतं. एक शिक्षक यादीसाठी घरोघर फिरत असला की दुसऱ्याच्या खोलीत चारही वर्ग बसतात. माझ्या मते शिक्षकाचं खरं नुकसान इथे होतं. कायम शिक्षकाला जास्त पैसे नकोत, फळ्यासमोरचा वेळ परत हवा.

टप्पा४०:
अंशतः अनुदानित शाळा विसरू नका. 'कायम विनाअनुदानित' शाळांच्या नावातला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला, पण अनुदान आलं ते २० टक्क्यांच्या टप्प्यांनी. शाळा ४० टक्क्यांवर असेल तर सरकार पगाराचा ४० टक्के भाग देतं. उरलेला संस्थेने द्यायचा, तो बहुतेक ठिकाणी मिळत नाही. एकाच तालुक्यात शेजारशेजारच्या शाळांत त्याच विषयाला पूर्ण पगार, अर्धामुर्धा पगार आणि मानधन असे तीन दर चालतात.

भरतीइच्छुक:
तीन वर्षं झाली की वेतनश्रेणी आपोआप लागते का?

वेतनदेयक:
नाही. प्रस्ताव जावा लागतो. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषद. अडतो तो बहुधा कागदावर: जात वैधता, प्रमाणपत्रांची पडताळणी किंवा तीनपैकी एखाद्या वर्षाचा गोपनीय अहवाल. तिसरं वर्ष संपायच्या दोन-तीन महिने आधीच कागदपत्रांचा संच तयार ठेवा. आदेश उशिरा निघाला तर फरक पुरवणी देयकाने निघतो आणि त्यासाठी तरतूद येईपर्यंत थांबावं लागतं.

आदेश झाला की वेतननिश्चिती स्वतः तपासा. २९,२०० नंतरची पायरी ३०,१०० आहे. वेतनवाढीची तारीख चुकली तर ती चूक पुढे प्रत्येक वर्षात उतरत जाते आणि निवृत्तीच्या तोंडावर वेतन पडताळणीत जादा दिलेल्या पैशांची वसुली निघते. रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करायला मनाई केली. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची दुसरी प्रत, पहिल्या वर्षापासून स्वतःकडे ठेवा आणि दरवर्षी वेतनवाढ लागली की मूळ पुस्तकाशी ताडून त्यावर सही घ्या.