मदत हवी आहे: कृत्रिम एससीएफव्ही लायब्ररीत विविधता कुठे आणि किती ठेवावी?

नमस्कार.

संशोधनापुरते लागणारे प्रतिपिंडांचे तुकडे निवडता यावेत म्हणून आम्ही एससीएफव्ही (जड आणि हलक्या साखळीचे बंधक भाग जोडून केलेला एकच तुकडा) स्वरूपाची कृत्रिम फाज डिस्प्ले लायब्ररी, म्हणजे फाज या जिवाणूंच्या विषाणूवर असे असंख्य वेगवेगळे तुकडे दाखवणारा संच, बांधत आहोत. चौकट एकच आहे: व्हीएच३ कुळातील जड साखळी आणि कप्पा हलकी साखळी. तूर्त विविधता फक्त जड साखळीच्या तिसऱ्या सीडीआरमध्ये (लक्ष्याला चिकटणाऱ्या भागात), सलग १० जागांवर, एनएनके कोडॉन (पहिली दोन अक्षरे कोणतीही, तिसरे जी किंवा टी) वापरून आणली आहे.

अडचण अशी की ३२ कोडॉन १० जागांवर फिरवले की दहा लाख अब्जांहून अधिक डीएनए क्रम होतात, आणि इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या धक्क्याने डीएनए जिवाणूंत घालणे) उत्तम साधले तरी हाती येतात ते एक ते दहा अब्ज क्लोन. शिवाय एनएनकेमध्ये टीएजी हा थांबा-कोडॉन उरतोच, त्यामुळे हिशेबाने सुमारे २७ टक्के क्लोनमध्ये तो निदान एकदा येतो. टीएजी दडपणाऱ्या टीजी१ जातीच्या ई. कोलायमध्ये त्याच्या जागी काही प्रमाणात ग्लुटामिन बसते आणि फाजवर तुकडा व्यवस्थित दिसतो. मात्र तोच क्लोन टीएजी न दडपणाऱ्या जातीत नेऊन विद्राव्य प्रथिन करू पाहिले, की साखळी मध्येच तुटते आणि फाज एलायझात (बंधन तपासणाऱ्या चाचणीत) ठळक दिसलेला संकेत नाहीसा होतो. ट्रायन्यूक्लिओटाइड मिश्रणाने (एका वेळी पूर्ण कोडॉन जोडून) बनवलेल्या ऑलिगोंमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यांमध्ये, थांबा-कोडॉन आणि सिस्टीन दोन्ही टाळता येतात, पण ते बरेच महाग पडतात. टायरोसिन, सेरीन, ग्लायसीन अशा मोजक्या अमिनो आम्लांवर भर देऊन उरलेली विविधता इतर सीडीआरमध्ये वाटणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लहान प्रथिनांविरुद्ध अशा लायब्ररीचा कोणाला अनुभव आहे का?

दुसरा प्रश्न कुंकेल पद्धतीचा, म्हणजे एकेरी डीएनए साच्यावर बदल असलेली नवी साखळी बनवण्याच्या पद्धतीचा. सीजे२३६ या ई. कोलाय जातीमधून युरेसिलयुक्त (म्हणून नेहमीच्या जातीत नष्ट होणारा) एकेरी डीएनए घेऊनही मूळ साचा काही प्रमाणात शिल्लक राहतोच. साच्याच्या सीडीआरमध्ये टीएए हा थांबा-कोडॉन घातल्याने तो फाजवर प्रदर्शित होत नाही, हे खरे. पण प्रथिनाचे ओझे नसलेले हे क्लोन जोमाने वाढून लायब्ररीत जागा अडवतात. साच्यात एक रिस्ट्रिक्शन स्थळ (विशिष्ट विकर डीएनए कापते ती जागा) ठेवून नंतर तो कापून टाकावा, असा विचार आहे. पुन्हा इलेक्ट्रोपोरेशन करताना जी विविधता गळेल, तिच्या मानाने हा खटाटोप परवडतो का? की त्याऐवजी प्रोटीन एवर (नीट घडी पडलेल्या व्हीएच३ला चिकटणाऱ्या प्रथिनावर) निवडीची एक फेरी आधीच घेऊन नीट घडी पडलेले तुकडेच पुढे न्यावेत?